पत्रा आटपाडीचा, कागद कोईमतूरचे: एका जुन्या पद्मिनीच्या खरेदीचं प्रकरण

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या एका हायस्कूल शिक्षकांना जुनी लहान गाडी घ्यायची होती. चालू गाडी नको होती, बंद पडलेली हवी होती. मुलगी ऑटोमोबाइल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, घरामागची पत्र्याची शेड रिकामी, आणि सरांच्या हिशोबात दोन वर्षांत मिळून तीन लाख रुपये. त्यातले खरेदीला सत्तर हजारांच्या वर द्यायचे नाहीत, हे त्यांनी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. अपघातात चेपलेल्या आणि पुरात बुडालेल्या गाड्या बघण्यात माझी हयात गेली, म्हणून ‘तुम्ही फक्त बघून सांगा’ म्हणत सर मला सोबत नेऊ लागले.

सरांची अट एकच होती आणि पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यापाशीच येऊन थांबला: गाडी तयार झाली की ती कायद्याने रस्त्यावर चालली पाहिजे. मुलीने ती मिरजेला न्यावी, कोल्हापूरला न्यावी, पाऊस आला तर पावसात न्यावी. अंगणात पुसून ठेवायची शोभेची वस्तू त्यांना नको होती.

अट साधी वाटते, पण तिच्यामुळे अर्ध्या गाड्या न बघताच बाद होतात. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. ती भानगड दिल्ली परिसरातली. इथे खासगी पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र ही वाढ आता स्वस्त राहिलेली नाही. मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० झाली. वेळेत केलं नाही तर उशिराचे महिन्याला ५०० रुपये वेगळे. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरपाटी. म्हणून जुन्या गाडीची किंमत विचारताना पहिला प्रश्न ‘कितीला देणार’ हा नसतो. ‘आरसी कुणाच्या नावावर आणि कधीपर्यंत’ हा असतो.

सरांनी कुठेतरी विंटेज नोंदणीबद्दल ऐकलं होतं. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांना वेगळी ‘व्हीए’ मालिका मिळते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. रोजच्या वापराला मनाई. सरांच्या अटीत ते बसत नव्हतं, तो विषय तिथेच मिटला.

‘मग मुंबईच्या टॅक्सीच घेऊ, आता सगळ्या बंद झाल्या ना?’ असंही निघालं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून थांबली. समुद्राच्या खाऱ्या हवेत वीस वर्षं रात्रंदिवस पळालेली आणि व्यावसायिक परवान्यावर नोंदलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, असं माझं मत. सुटे भाग म्हणून ठीक.

मिरजेची हेरल्ड

पहिली गाडी मिरजेत एका जुन्या वाड्याच्या चौकात उभी होती. स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्डची ही भारतीय आवृत्ती काढली. ९४८ सीसीचं इंजिन, खाली वेगळा सांगाडा आणि वर बोल्टने आवळलेली बॉडी. मडगार्डासकट अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं, टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. शिकणाऱ्या हातांसाठी इतकी सोयीची गाडी दुसरी नाही. मुलीचा जीव लगेच जडला.

मी बॉनेट उलटवलं तर आत भलतंच इंजिन. हेरल्डचे भाग मिळेनासे झाल्यावर बऱ्याच जणांनी असं केलं. करायला हरकत नसते, पण आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. इथे मालक वारलेले, चार वारस, त्यातल्या दोघांचं बोलणं बंद, एक हुबळीला. आणि आरसी बुक ‘घरातच आहे कुठेतरी’. हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की ऐकलं की मी चहा संपवतो आणि उठतो. मागणी दीड लाखाची होती म्हणजे तशीही बजेटबाहेर. परत येताना मुलगी काही बोलली नाही.

पुरातली मारुती

दुसरी गाडी गावभागाजवळच्या एका गॅरेजात होती. मारुती ८००, पहिल्या पिढीची, शौकीन लोक जिला एसएस-८० म्हणतात. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून हरपाल सिंग यांना पहिली चावी मिळाली ती याच मॉडेलची. १९८६ मध्ये मारुतीने गाडीचा आकार बदलला, त्यामुळे ही पिढी थोडक्यात आटोपली आणि आज तिच्यावर उड्या पडतात. ही लाल, ताजा रंग मारलेली, सेल्फ मारताच सुरू होणारी. मागणी पंच्याऐंशी हजार. सर वहीतला लाल आकडा खोडायच्या बेतात होते.

मी खिशातून लोहचुंबक काढलं. त्याला पातळ फडकं गुंडाळायचं, म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही, आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवायचं. पत्रा असेल तिथे ते ओढ घेतं. लांबी (खड्डे बुजवायचा लगदा, पुट्टी) भरलेली असेल तिथे हातातून सुटून खाली घसरतं. छत चांगलं होतं. दारांचा वरचा अर्धा भाग चांगला होता. खिडकीच्या काचेखाली वीतभर आलो की चारी बाजूंनी चुंबक निसटायला लागलं, आणि गंमत म्हणजे ती रेघ गाडीभोवती जवळपास एकाच उंचीवर होती.

अपघातात पत्रा एका कोपऱ्यात चेपतो. सरळ आडव्या रेषेत गाडी खराब होते ती पाण्याने.

मग मी मागचा टेललॅम्प खोलायला लावला. गॅरेजवाला कुरकुरला, पण दोनच स्क्रू असतात. लॅम्पच्या मागच्या खोबणीत पिठासारखा बारीक, तपकिरी गाळ वाळून चिकटलेला. कुठल्याही वॉशिंगवाल्याचा फवारा तिथे पोहोचत नाही. सीटखालची वायर उकलली तर तांब्यावर हिरवा थर. स्पेअर चाकाखालच्या खळग्यात रंगाखाली फोड. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. त्या महिन्यात आम्ही सर्व्हेअर मंडळींनी सांगलीत किती गाड्यांवर ‘टोटल लॉस’ लिहिलं याची मोजदाद नाही. त्या गाड्या सगळ्या वितळवल्या जात नाहीत. भंगाराच्या भावात विकल्या जातात, कुणीतरी धुतो, कुणीतरी रंगवतो, आणि काही वर्षांनी त्या ‘सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी’ होऊन परत येतात.

‘काका, पण इंजिन किती छान चालतंय,’ मुलगी म्हणाली. चालत होतंच. तिला मी सांगितलं ते इथेही सांगतो: जुन्या गाडीत इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं. ते खाली उतरवता येतं, बोअर करता येतं (झिजलेले सिलिंडर आतून कापून साफ करता येतात), बदलता येतं. पत्रा आणि कागद उतरवून ठेवता येत नाहीत.

दोन पद्मिनी

यानंतर शोध पद्मिनीवर स्थिरावला, आणि ते बरोबरच होतं. प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११०० डिलाइट. १९७४ मध्ये तिला पद्मिनी नाव मिळालं आणि शतक सरेपर्यंत ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनत राहिली. खेड्यापाड्यांत लोक आजही तिला फियाटच म्हणतात. विश्रामबागेत वालचंदांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, हे सरांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ स्ट्रोक, कार्बोरेटर, डेल्कोत (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागात) पॉइंट-कंडेन्सर. कॉम्प्युटर नावाची वस्तू गाडीत कुठेच नाही. ज्याने ट्रॅक्टर खोललाय त्याला हे इंजिन कळतं.

पण हेरल्डसारखा वेगळा सांगाडा तिला नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालचे पोकळ चॅनल, फ्लोअर, पुढच्या सस्पेन्शनला धरणारे भाग, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर, हे कुजलं की गाडीचा कणाच गेला. वरून रंग मारून ते झाकता येतं, आणि झाकलं जातं.

वाळवा तालुक्यातली पद्मिनी एमएच-१० म्हणजे सांगलीच्या पाटीची. मालक हयात, आरसी त्यांच्याच नावावर, नूतनीकरण २०२८ पर्यंत. किंमत पस्तीस हजार. इंजिन चालू, थोडा निळा धूर. कागदांच्या बाबतीत याहून सरळ गाडी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ती उभी होती उसाच्या फडाला लागून, एका बाजूने उघड्या छपराखाली, ओल्या जमिनीवर. रबरी मॅट उचलली तर खालचं तागाचं फेल्ट हाताला ओलं लागलं. फेल्ट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसली. चॅनलला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरा जोर दिला, तो आत गेला. ज्या पत्रेवाल्याला आम्ही सोबत नेलं होतं तो खाली झोपून बराच वेळ बघत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, ‘एक वीस धरा. उघडल्यावर सांगतो किती ते.’ या व्यवसायात ‘उघडल्यावर सांगतो’ याचा अर्थ फक्त वरच्या दिशेने लागतो.

चौथी गाडी आटपाडी तालुक्यात. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करायच्या) धंद्यात देशभर पसरली आहेत, हे सांगलीकरांना सांगायला नको. जत्रेला गावात या, एका गल्लीत पाच राज्यांच्या पाट्या दिसतील. ही गाडीही तशीच. एका गलाईवाल्यांनी १९९४ मध्ये कोईमतूरला नवी घेतली, तिथे पंचवीसएक वर्षं वापरली, धंदा मुलाच्या हातात देऊन गावी परतताना चालवत आणली. ते वारल्यावर गाडी डाळिंबाच्या औषधांच्या खोलीशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. पाटी टीएनची, म्हणजे तमिळनाडूची. नोंदणी २०१९ ला संपलेली. इंजिन जाम. मागची चाकं ड्रमला धरून बसलेली, ढकललं तर गाडी चाक न फिरवता फरफटत होती. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, एअर फिल्टरमध्ये उंदरांनी सीटचा कापूस नेऊन भरलेला. टाकीचं झाकण काढलं तर जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास.

मी खाली सतरंजी टाकून आत सरकलो. वाळवा आणि आटपाडी एकाच जिल्ह्यात असले तरी पावसाचं गणित पार वेगळं. हा माणदेशाचा कोरडा पट्टा. कोईमतूरही समुद्रापासून लांब. फ्लोअरवर कंपनीचं काळं कोटिंग अजून शाबूत होतं. चॅनलवर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो, शेवटपर्यंत एकसारखा टणक आवाज. दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं मातीने बुजली होती, तिथे दोन्ही मागची दारं खालून खाल्लेली. बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिडने पत्रा चाळणी झालेला. पुढच्या उजव्या मडगार्डात हेडलाइटमागे हाताच्या पंजाएवढं भोक. एवढंच. कणा ठणठणीत.

शेडच्या दारात त्या गृहस्थांच्या पत्नी खुर्ची टाकून बसल्या होत्या. सरांनी भाव विचारला तर म्हणाल्या, ‘मला काय कळतंय त्यातलं, पोराला इचारा. पण भंगारवाल्याला द्यायची न्हाई, येवढं माझं.’ आत जाऊन त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी आणली. आरसी, मूळ खरेदीची पावती, प्रत्येक वर्षीच्या विम्याचे कागद, सर्व्हिसची बिलं, सगळं तारखेवार. साठ हजार मागणी मुलाने फोनवर सांगितली.

हिशोब

सर घरी येऊन वही घेऊन बसले. मांडणी त्यांची, आकडे माझे.

वाळवा: गाडी पस्तीस, पत्रा एक लाख वीस आणि वर जे निघेल ते. कागदांना जवळपास शून्य. साधारण एक पंचावन्न, वरची बाजू उघडी.

आटपाडी: गाडी घासाघीस करून बेचाळीस. पत्रा पंचवीस. उशिराच्या फीबाबत कुठल्या तारखेपासून महिने मोजायचे यावर आकडा वीस ते सदतीस हजारांत हलत होता. मी मोठा धरायला लावला. नूतनीकरण दहा हजार, शिवाय दुसऱ्या राज्यातून आल्याने इथला कर वयानुसार घटवून, विमा, पाटी, हेलपाटे. कागदांचे एकूण पासष्ट. इंजिनाला बाहेरून काम करून घेतलं तर पंचेचाळीस. एक लाख सत्त्याहत्तर.

म्हणजे वाळव्याची गाडी बावीस हजारांनी स्वस्त, आणि नंबर सांगलीचा. सरांचा कल तिकडेच झुकला होता. मी आटपाडी म्हटलं, आणि त्याची कारणं त्यांना पटायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

कागदाच्या खर्चाला तळ असतो. फी किती, कर किती, कुठला फॉर्म, हे आरटीओत विचारून आधीच कळतं. कुजलेल्या पत्र्याला तळ नसतो. दर वेळी एक तुकडा कापला की शेजारचा तुकडा वेल्डिंग धरत नाही. मात्र कागदाचा तळ तेव्हाच सापडतो जेव्हा सही करणारा माणूस राजी असतो आणि सापडतो. मिरजेच्या हेरल्डला तो नव्हता. आटपाडीला होता: वारस आई आणि एकुलता मुलगा, भांडण नाही, आणि मुलगा राहतो नेमका कोईमतूरलाच. जिथून ना-हरकत (एनओसी) आणायची त्याच गावात आपला माणूस दुकान टाकून बसलेला. असा योग आला नसता तर परराज्याच्या पाटीला मी हात लावू दिला नसता.

दुसरं कारण मुलीचं. कण्याचं वेल्डिंग तिच्याच्याने होणारं नव्हतं. जॅकवर गाडी तोलून, मापं धरून, दारं बसतात का ते बघत करायचं ते काम मुरलेल्या पत्रेवाल्याचं. तिने ते फक्त बघितलं असतं आणि सरांनी पैसे मोजले असते. जाम इंजिन मात्र ती स्वतः खोलू शकत होती. मजुरी वजा जाता पंचेचाळीसाचे तीस होतात. म्हणजे बावीसची तफावत सातवर आली, आणि त्या सातात ‘उघडल्यावर सांगतो’चा धोका नव्हता.

मधल्या काळात एका मध्यस्थाने सरांना गाठलं. ‘सर, कशाला डोक्याला ताप? दोन्ही घ्या. वाळव्याच्या गाडीचा नंबराचा पत्रा कापून आटपाडीच्या गाडीत बसवून देतो. गाडी चांगली, कागद चांगले, काम फत्ते.’ सरांनी मला विचारलं, हे लोक करतात का? करतात. चेसीस नंबर कापून दुसरीकडे डकवणं हा सरळ गुन्हा आहे, गाडी जप्त होते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दारातही उभी करत नाही. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की आकड्यांची छाप उमटते, ती फॉर्मला जोडतात. आजूबाजूच्या वेल्डिंगची रेघ अनुभवी डोळ्याला रंगाखालूनही दिसते. सर गणित शिकवतात. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

कागदांचा क्रम

इथे कामं कुठल्या क्रमाने करायची हाच कळीचा मुद्दा होता. कोईमतूरची एनओसी हातात घेऊन वर्षभर कपाटात ठेवता येत नाही, ती आली की इथे लगेच अर्ज करायचा. अर्ज केला की निरीक्षक गाडी बघणार. आणि बघायची गाडी ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपरसह चालती हवी. म्हणजे एनओसी आधी आणली तर गाडी तयार नाही. गाडी आधी तयार केली तर पैसे दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत घातले.

तोडगा असा निघाला. बेचाळीस हजारांपैकी पंधरा आगाऊ, स्टॅम्पपेपरवर करार, आई आणि मुलगा दोघांच्या सह्या, मृत्यू दाखल्याची प्रत, वारसांचं प्रतिज्ञापत्र. त्यात एक ओळ मी घालायला लावली: एनओसी मिळाली नाही तर आगाऊ रक्कम परत, आणि गाडीवर तोवर झालेला सुट्या भागांचा खर्च खरेदीदाराचा. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोसायचं. नंबर बरोबर आहे, चोरीची नोंद नाही, चलन थकलेलं नाही हे मुलाने तिथल्या आरटीओत आधी बघून घेतलं. १९९४ ची नोंद कॉम्प्युटरवर चढलेली नव्हती, ती बॅकलॉगमध्ये (चढवायच्या राहिलेल्या जुन्या नोंदींत) घालून घ्यायलाच त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. एनओसीसाठी फॉर्म २८, वारसाच्या नावावर करायला ३१, सरांच्या नावावर करायला २९ आणि ३०, महाराष्ट्राचा नवीन नंबर मिळवायला २७. एजंटाने या पाच फॉर्मचे जे पैसे सांगितले ते ऐकून सरांनी सगळे स्वतः भरले. खाडाखोड एकही नाही.

शेडमध्ये

गाडी आटपाडीहून टेम्पोवर आणली. टोचन करायचा विचार होता, पण ब्रेक धरलेली गाडी टोचन करणं म्हणजे ड्रम फोडून घेणं.

इंजिन सोडवायला घाई केली नाही. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं, दोन-चार दिवस मुरू दिलं, परत ओतलं. मग मागची चाकं जॅकवर घेऊन, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, चाक धरून पुढे-मागे झुलवत राहायचं. जोर लावायचा नाही, नाहीतर रिंगा तुटतात. एका संध्याकाळी चाकाबरोबर फॅन अर्ध्या इंचाने हलला तेव्हा मुलीने जी आरोळी ठोकली ती ऐकून शेजारचे धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

हेड ॲल्युमिनियमचं, ते काढताना स्टड चिकटून बसले होते. दोन तुटले. ब्लॉक, क्रँक आणि हेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेले. बोअर पहिल्याच ओव्हरसाइजला (पिस्टनच्या पुढच्या मोठ्या मापाला) साफ झाला, हेडचा फेस घासून सरळ केला. पिस्टन-रिंगचा सेट मिळाला, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरची किटं मिळाली. दारांच्या रबरी बिडिंगसाठी मात्र पुण्या-मुंबईला फोन लावत बसावं लागलं. पेट्रोलच्या सगळ्या जुन्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बदलायला लावला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच कारखान्यांच्या उसाचं. जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि पाणी ओढून घेत असल्याने उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीला आतून गंज चढवतं. टाकी खोलून, आत खडी घालून हलवून, धुऊन, वाळवून बसवली.

पत्र्याचं काम पंचवीसऐवजी अठ्ठावीस हजारांवर गेलं, दोन मागची दारं आणि बॅटरीचा ट्रे धरून. इंजिनाचे एकतीस झाले. रंग, क्रोम आणि आतली सीटं पुढच्या वर्षावर ढकलली आहेत. सध्या पुढच्या सीटवर घरची चादर बांधलेली आहे आणि गाडी तीन रंगांची आहे. निरीक्षकाला त्याचं काही नसतं, आरसीवर लिहिलेला रंग दिसला पाहिजे एवढं पुरतं, आणि बॉनेट आणि छत मूळ रंगातच आहे.

एनओसी आली, उरलेले सत्तावीस हजार त्याच दिवशी मुलाच्या खात्यात गेले. फाइल सांगली आरटीओत आहे. उशिराची फी मोठ्या आकड्यानेच लागेल असं दिसतंय, सरांनी तेवढे पैसे वेगळे काढून ठेवलेत. कोईमतूरहून त्या मुलाचा अधूनमधून फोन येतो. वडिलांची आठवण म्हणून जुनी टीएनची पाटी त्याला हवी आहे. एमएच-१० ची पाटी लागून गाडीची नोंद बदलेपर्यंत ती द्यायची नाही, आणि द्यायची तेव्हा आकड्यांवर आडवी रेघ मारूनच द्यायची, असं मी सरांना सांगून ठेवलं आहे.